उठायच्या दिवसाचा ब्लाउज

मेल्यावर काय नेसायचं हे आईचं केव्हाच ठरलेलं होतं. अडचण फक्त ब्लाउजची होती.

साडी म्हैसूर सिल्कची, पांढरी, बारीक सोनेरी काठाची. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी घेऊन दिलेली. "ही मला शेवटची," असं आईनं दुकानातच मराठीत जाहीर केलं. काउंटरवरच्या माणसानं काय म्हणतात म्हणून बाबांकडे बघितलं. बाबा कन्नडमध्ये म्हणाले, "पसंत आहे म्हणते." आमच्यात वय झालेल्या बायका असं पांढरं नेसू पेटीत बाजूला काढून ठेवतातच, त्यात विशेष काही नाही. वर एक डांबरगोळी टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं.

पण साडीला माप नसतं, ब्लाउजला असतं. आई कधी जाड व्हायची, कधी वाळायची. लोकांच्या घरी ऊन तापलं की पापड-कुरडया होतात. आमच्या घरी ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ लागला की आई पेटीतून तो पांढरा ब्लाउज काढायची, आरशासमोर घालून बघायची आणि म्हणायची, "दंडात घट्ट झालाय. असा चालायचा नाही."

"कुणाला चालायचा नाही?" मी विचारायची. माझं तोंड पहिल्यापासून असंच. "तिथं खाली फिटिंग बघायला कोण येणार आहे?"

"निजायला शिवत नाही गं मी तो. उठायला शिवतेय."

तिचा सगळा बेत तयार होता. बाबा आधी गेले, त्यांच्या शेजारची जागा तिची. आता शेवटच्या दिवशी कर्णा वाजणार, कबरी उघडणार, सगळे उठणार. यात तिला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाबांची. "तुझे बाबा एका हाकेत उठलेत कधी? कर्णा वाजला तरी कूस बदलून झोपतील. मलाच हलवावं लागणार. मग माझा हात नको का धड हलायला?" जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या आईची त्यानंतरही जाणार नव्हती.

मीही दर रविवारी चर्चला जाते. पण पुनरुत्थान हा विषय मी परगावच्या नातेवाइकासारखा ठेवला होता. आहेत, चांगले आहेत, सवड झाली की भेटू. मला कडकोळच्या कारखान्यात नोकरी, सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी पाय दुखतात. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. घरात आम्ही दोघी, आणि दोघींच्याही नाकावर राग. त्यामुळे घर कधी सुनं वाटलं नाही.

ब्लाउज जायचा लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या टेलरकडे. दुकान असं अरुंद की गिऱ्हाईक पडद्यामागं गेलं की टेलरला बाहेर रस्त्यावर उभं राहावं लागतं. मशीनच्या वर विठोबाचा फोटो, त्याला तुळशीचा हार, आणि टेलरच्या गळ्यात टेप. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं, की नगरहून लग्न होऊन आलेल्या माझ्या आईला पहिल्या दिवशी वाटलं, हा कन्नडच बोलतोय आणि आपल्याला एकाएकी समजायला लागलंय.

आईला कन्नड भाजीपुरतं यायचं, उपासनेपुरतं यायचं. पण भांडायला माणसाला आपलीच भाषा लागते. तेवढ्यासाठी आख्ख्या म्हैसुरात तिला हा टेलर होता. तो साठीचा, आई ऐंशीची. ती त्याला अरेतुरे करायची, तो तिला मावशी म्हणायचा, आणि बाह्यांच्या लांबीवरून दोघं मनसोक्त वाद घालायचे.

त्याची एक पद्धत होती. कपडा अंगावर चढवून गिऱ्हाईक पडद्याबाहेर आलं की तो म्हणायचा, "हात वर करा." दोन्ही हात, डोक्याच्या वर. काखेत ओढलं किंवा पाठीत सरकलं तर तिथल्या तिथं उसवायला घ्यायचा. नाही ओढलं तर "आय्तु" म्हणायचा, म्हणजे झालं, आणि दुसऱ्या कामाकडे वळायचा. हा पांढरा ब्लाउज कशासाठी आहे हे त्याला माहीत नव्हतं. आईचं म्हणणं, धंद्याच्या जागी मरणाची गोष्ट काढू नये. त्याला वाटायचं, मावशीचा सणाचा ब्लाउज आहे. तो कधी धुतल्यासारखा कसा दिसत नाही, एवढंच त्याला कोडं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी आई मागच्या पायरीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, ती म्हणायची, अज्जी, चालायचं. आई म्हणायची, "बघू." आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.

नाताळ गेला, नवीन वर्ष लागलं, आई भिंतीकडेच. दिवसा तिच्यापाशी एक बाई असायच्या. त्या सांगायच्या, काही मागत नाहीत, काही बोलत नाहीत. मी वॉकर आणला. तो पलंगाशेजारी उभा राहून राहून शेवटी त्यावर टॉवेल वाळायला लागले. मी चिडले, हातापाया पडले, गोड बोलले, पुन्हा चिडले. "अगं, भांड तरी माझ्याशी," असं एकदा म्हटलं. ती म्हणाली, "आता वाट बघायची फक्त."

कसली, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं आणि त्याची मला भयंकर भीती वाटत होती. आई मरेल याची नाही म्हणत मी, ऐंशी वर्षांचं माणूस कधीतरी जाणारच. ती अशी भिंतीकडे तोंड करून, न भांडता, न उठता जाईल याची भीती. चर्चमधली माणसं भेटायला यायची, धीर धरा म्हणायची, चहा पिऊन जायची. धीराचं नाव काढलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

उत्तम शुक्रवार आणि ईस्टर यांच्यामध्ये एक शनिवार येतो. शुक्रवारी येशू वधस्तंभावर गेला, रविवारी उठला. शनिवारी काय झालं? काही नाही. कबर बंद, माणसं घरात गप्प. त्या दिवसावर प्रवचन असं मी कधी ऐकलेलं नाही, आणि लहानपणापासून मला तो दिवस आवडलेला नाही. धड रडायचा नाही, धड गायचा नाही. त्या वर्षी आमच्या घरात महिनेच्या महिने शनिवार होता.

उपवासाचे दिवस निम्मे सरले आणि एका संध्याकाळी आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "ब्लाउज सैल झाला असणार. देऊन ये."

मला हसावं की रडावं कळेना. बऱ्याच दिवसांनी तिनं काहीतरी मागितलं होतं, आणि मागितलं ते हे. मी ती निजलेली असतानाच टेपनं तिची मापं घेतली. दंड काडीसारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी ब्लाउज घेऊन लष्कर मोहल्ल्यात गेले.

"मावशी कुठं?" टेलर म्हणाला. "मावशीला घेऊन या अक्का. अशी वहीतली मापं घेऊन मी शिवत नाही."

एवढ्यावर माझा बांध फुटला. दुकानातल्या स्टुलावर बसून मी सगळं सांगून टाकलं, ब्लाउज कशासाठी आहे, आई कशी पडून आहे, उठतच नाही, उठायचं नावच घेत नाही. बाहेर स्कूटरी पों पों करत होत्या आणि मी नाक पुसत होते. मग जुना ब्लाउज टेलरनं नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला. "हा नको. मी नवा शिवतो. सुम्ने काळजी करू नका." सुम्ने म्हणजे उगीच. " मावशीला त्रास होणार नाही असाच शिवतो."

नवा ब्लाउज मिळाला तो नेमका त्या ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी. कागदात गुंडाळलेला. मी घरी आणून आईच्या हातात दिला. तिनं कूस वळवली, कागद सोडला, ब्लाउज उलगडला. पुढून छान होता. पांढराशुभ्र, गळ्याला बारीक पट्टी. मग तिनं तो उलटा केला.

पाठ नव्हती. म्हणजे वरपासून खालपर्यंत उघडी, आणि बांधायला नाड्या.

मला एका क्षणात समजलं. टेलरचे वडील गेले तेव्हा अंगात सदरा चढेना, शेवटी कात्री लावावी लागली, ही गोष्ट त्यानंच कधीतरी सांगितली होती. लेकाच्या मनाला ते लागून राहिलेलं. त्यानं केलेली ही माया होती. हात वर करायला नकोत, अंग उचलायला नको, पुढून ठेवायचा आणि मागं खोचायचा. मी आईला हे समजावून सांगितलं. ती ऐकत होती, आणि तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. त्या नाकपुड्या मी किती दिवसांनी बघत होते.

"पाठ उघडी," आई म्हणाली.

"अगं, वरून साडीच असणार ना."

"उठल्यावर पदर जागेवर असेल कशावरून? इतकी माणसं एकदम उठणार, ढकलाढकली होणार. डावीकडे तुझे बाबा, त्यांचं ठीक आहे. उजवीकडे कोण आहेत माहितेय ना?"

उजवीकडे एका शाळेचे जुने हेडमास्तर आहेत. फार शिस्तीचे म्हणून गावात प्रसिद्ध होते.

"त्यांच्यासमोर मी नाड्या बांधत बसू?" आई म्हणाली. "रिक्षा बोलव."

"कशाला?"

"त्या टेलरकडे जायचंय. त्याला विचारते, इतकी वर्षं काय शिवत होतास." तिनं पाय पलंगाखाली सोडले. "आणि वॉकरवरचे ते टॉवेल काढ आधी. घराचा उकिरडा करून ठेवलाय नुसता."

मी टॉवेल काढले. वॉकर धरून आई उठली, थरथरली, पुन्हा बसली, माझ्याकडे रागानं बघितलं आणि पुन्हा उठली. दारापर्यंत जायला वेळ लागला. रिक्षावाल्याचा पारा चढत होता, पण आईचा त्याच्याही वर होता.

रिक्षातून उतरून वॉकरसकट ती दुकानाच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा टेलर पायडलवरचे पाय काढून उभाच राहिला. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा विठोबाकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही..."

"हे काय शिवलंस?"

"सुम्ने रागावू नका मावशी. तुमच्या अंगावर घालणाऱ्या बायकांना त्रास नको म्हणून—"

"घालणाऱ्यांचा विचार केलास. घालून उठणारीचा केलास का?"

तो गोंधळला. "उठणार कोण?"

"मी."

मग भर लष्कर मोहल्ल्यात, शेजारचा बटणवाला ऐकत असताना, आईनं त्याला पुनरुत्थान सांगितलं. पाळकांनी सांगावं तसं नाही. ती म्हणाली, बघ, हे आमचं शेवटचं नेसणं नव्हे, तिथून पुढं जायचं नेसणं आहे. येशू सगळ्यांत आधी उठला, म्हणून आम्हीही उठणार. या अंगासकट. मग अंगावर धड कपडा नको?

"म्हणजे जळायचं नाही, पुरायचं," टेलर म्हणाला.

"पुरायचं, आणि वाट बघायची."

"किती दिवस?"

"ते सांगितलेलं नाही. म्हणून तर तयार ठेवायचं."

टेलरनं डोकं खाजवलं. पटलं की नाही कुणास ठाऊक, पण काम काय आहे ते त्याला आता कळलं होतं. त्यानं गळ्यातला टेप काढला आणि इतक्या वर्षांत आम्हाला कुणी न विचारलेला प्रश्न विचारला. "मावशी, उठताना हात टेकून उठणार, की हात वर करून?"

आई विचारात पडली. खरंच पडली. "आधी टेकून," ती म्हणाली. "मग वर."

"मग काख मोकळी पाहिजे. पाठीत पण सोडावं लागेल थोडं." तो टेप घेऊन पुढं आला आणि सवयीनं बोलून गेला, "हात वर करा."

आईनं वॉकर सोडला.

मी तिच्या मागं होते. दोन्ही हात पुढं करून, आता पडते की मग पडते अशी. तिनं आधी एक हात उचलला, मग दुसरा. डोक्याच्या वर, सरळ, त्या लटलटत्या पायांवर उभी राहून. टेलरनं काखेखालून टेप घातला, आकडा वाचला, दुसरीकडचा वाचला. नेहमीसारखाच, सावकाश. मला रडू कोसळलं आणि त्या दोघांपैकी कुणीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"पडेन म्हणून तिथं उभी आहेस का गं?" आईनं वळून न बघता विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस शनिवारचं."

ब्लाउज त्यानं बाकीची कामं बाजूला सारून शिवला. आम्ही तिथंच बसून होतो. आईनं त्याला तीनदा गळा बदलायला लावला आणि जुना मागचा हिशेब काढून बाह्यांवरूनही भांडून घेतलं. बटणवाल्यानं चहा पाजला. काहीच न घडणारा तो शनिवार पहिल्यांदाच मला संपू नये असं वाटलं.

ईस्टरच्या पहाटे आमचं चर्च दफनभूमीत जमतं. कबरींवर मेणबत्त्या लावतात, फुलं ठेवतात, आणि उजाडताना गाणी म्हणतात. आई त्या सिल्कच्या साडीत आणि नव्या ब्लाउजमध्ये तयार होऊन बसली होती.

"अगं, हा त्या दिवसाचा," मी म्हटलं.

"मग बघायला नको, जमतोय का ते?"

बाबांच्या कबरीपाशी तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. पूर्वेला तांबडं फुटत होतं. कन्नडमध्ये गाणं सुरू झालं, तो उठला आहे, तो खरोखर उठला आहे, आणि आई वॉकरला धरून उभी राहिली. तिनं कबरीकडे बघितलं. "झोपलेत अजून," ती मला हळूच म्हणाली. मग वॉकर सोडून दोन्ही हात वर केले.

मला तेव्हा आशा वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. आई आणखी किती जगेल याची ती आशा नव्हती, आई केव्हाही गेली तरी चालेल अशी होती. तोवर मी वाट बघणं म्हणजे भिंतीकडे तोंड करणं समजत होते. ही बाई वाट बघायची म्हणून ब्लाउज काखेत ढिला करून घेत होती. परगावचे ते नातेवाईक मला त्या पहाटे पहिल्यांदा भेटले.

त्यानंतर आई चांगली काही वर्षं फिरली, वॉकर आपटत, माझ्यावर डाफरत. दर ईस्टरला तोच ब्लाउज घालायची. दर वर्षी उपवासाच्या दिवसांत तो टेलरकडे जायचा आणि दर वर्षी तिथं भांडण व्हायचं.

गेल्या थंडीत ती गेली. सकाळी चहा मागितला, मी घेऊन आले, तोवर गेलेली होती. चेहरा भिंतीकडे नव्हता, दाराकडे होता.

चर्चमधल्या दोघी आल्या. साडी नेसवली, पण ब्लाउज घालताना आमची तिघींची दमछाक झाली. पाठ उघडी असती तर किती सोपं झालं असतं, असं मनात आलं आणि मला हसू फुटलं. त्या दोघींना वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. हुक लावून झाल्यावर मी म्हटलं, एक मिनिट थांबा. आईचे दोन्ही हात धरले, हळूहळू वर नेले, तिच्या डोक्याच्या वरपर्यंत. काखेत बघितलं, पाठीत बघितलं. मग हात खाली आणून छातीवर ठेवले.

दफनभूमीत बरीच माणसं आली होती. टेलर दुकान बंद करून तसाच आला होता, टेप गळ्यातच राहिलेला. तो मागं झाडापाशी उभा होता. माती लोटून झाली, माणसं पांगली, तेव्हा तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हाही धीर धरा म्हणणार.

"हात वर गेले ना, अक्का?"

"गेले," मी म्हटलं. "कुठं ओढलं नाही."

त्यानं बाबांच्या कबरीकडे बघितलं, मग शेजारच्या ओल्या मातीकडे.

"आय्तु," तो म्हणाला.